माडीवरचा डेक

दादू शिवलकर तेहतीस वर्षं मालवाहू बोटींवर होते. खलाशी म्हणून लागले आणि सुकाणी होऊन त्र्याऐंशी साली रत्नागिरीत, मांडवीच्या आपल्या घरी कायमचे परतले. या तेहतीस वर्षांत सगळ्या रजा मिळून ते घरी जेमतेम चार वर्षं राहिले असतील. पण परतल्यापासून, घरातली कुठलीही गोष्ट आपल्याला विचारूनच व्हावी असं त्यांना मनापासून वाटे. त्यांची बायको, सावित्रीबाई, सगळं विचारत. विचारून झालं की जे करायचं ते करत.

पुढच्या वर्षी आषाढात कौलांवर नारळ पडला आणि दोन कौलं फुटली. माडीवर नेमकी तिथेच दादूंची लोखंडी पेटी होती. पाणी तिच्याखाली ओघळलं आणि पंधरा दिवस कुणाला न कळता मुरत राहिलं. पेटी हलवली तेव्हा खालच्या फणसाच्या फळ्या पापडासारख्या फुगलेल्या होत्या.

"धाकूला बोलवूया," सावित्रीबाई म्हणाल्या. धाकू वाडीतला सुतार.

"अगो, सुतार कशाला? माझा जन्म डेकवर गेला. लाकूड नि पाणी मला काय नवीन हाय?"

"डेकवर तुमी उभे होतात. डेक केलान कोणी?"

हे दादूंना ऐकू आलं नाही. समुद्रावरच्या वाऱ्याने त्यांचा एक कान अधू झाला होता. कोणता, ते प्रसंग पाहून ठरे.

कौलं बदलली आणि दुसऱ्याच दिवशी दादू रंधा घेऊन माडीवर चढले. फळ्या अजून ओल्याच होत्या. त्यांनी उंचवटे तासून सपाट केले, फळी डोकं वर काढील तिथे लांब खिळा ठोकला, फटींत कापूस कोंबला आणि वर कढत डांबर ओतलं. गणपती आले ते त्या वासातच. पूजेला आलेल्या भटजींनी, जवळपास कुठे रस्त्याचं काम निघालंय का, अशी चौकशी केली.

"आता बोट उलटली तरी थेंब आत येणार नाय," दादू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"घर उलटायचं काय आपलं ठरलेलं नाय," सावित्रीबाई आतून म्हणत.

पाऊस ओसरला, आश्विनातलं ऊन तापू लागलं आणि फळ्या वाळायला लागल्या. जिथे उंचवटे तासले होते तिथे आता खळगे पडले. फळ्या आक्रसल्या, कापूस सुटला, फटी उघडल्या. सावित्रीबाई माडीवर केर काढत, तेव्हा तो खाली ओटीवर बसलेल्या दादूंच्या चहात पडे. दादूंनी खुर्ची सरकवली. दोन दिवसांनी परत सरकवली. तिसऱ्यांदा सरकवली तेव्हा ते अंगणात पोचले होते.

"उन्हात बरं वाटतं," ते म्हणाले.

एका दुपारी सावित्रीबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. वर कडकन आवाज झाला आणि छतातून एक पाय गुडघ्यापर्यंत खाली आला.

"पाय तुमचाच ना?"

पाय दोनदा वर ओढला गेला आणि दोन्ही वेळा तिथेच अडकला. मग दादू म्हणाले, "धाकूला बोलव."

धाकू आला. पायाला नुसतं खरचटलं होतं, पण फळीखालचा वासा टोकाला कुजून भुसा झाला होता. "दादानू, डांबर पाणी बाहेर ठेवायला असतं. तुमी ते आत कोंडलात," तो म्हणाला. मग खालून एकेक वासा ठोकून बघता बघता तो खिडकीकडच्या कोपऱ्यात थांबला. तिथे वाशाला बाजूने दुसरं लाकूड जोडलं होतं आणि वरच्या तीन फळ्या निराळ्या होत्या.

"हे चांगलं काम हाय. पण माझ्या बापसाचा हात वाटत नाय."

"माझं हाय ते," सावित्रीबाई सूप न थांबवता म्हणाल्या. "एकाहत्तरच्या पावसात खिडकीतून पाणी आलेलं. तुझा बापूस तापाने पडलेला. रोज त्याच्याकडे जाऊन विचारून यायची नि घरी येऊन करायची."

दादू हळूहळू जिना उतरून आले. रोज सकाळी ते त्याच तीन फळ्यांवर उभं राहून समुद्र बघत, आणि पाहुण्यांना सांगत की आमच्या वडिलांच्या वेळचं लाकूड कसं हलत नाही.

"मला कळवायचं तरी," ते म्हणाले.

"कळवलं होतं. पत्रात लिहिलं, माडीच्या तीन फळ्या बदलल्या. तुमी उलट लिवलात, बरं झालं, सुताराला माझा नमस्कार सांग."

धाकूने तोंड फिरवून वाशाकडे पाहिलं. दादूंना हसू आलं नाही. त्यांना ते पत्र लिहिल्याचंही आठवेना, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

यावेळी घाई झाली नाही. फळ्या उखडल्या, पडवीत एकीवर एक रचल्या, मध्ये वारा खेळावा म्हणून बांबूच्या चिपा घातल्या आणि वर जांभ्याचे चिरे ठेवले. दादूंनी त्या उन्हात टाकायचं सुचवलं. "उन्हात वाकतील," सावित्रीबाई आणि धाकू एकदमच म्हणाले, तेव्हा त्यांनी तो विषय सोडला. धाकूने कुजका भाग कापून वाशाला ऐनाचं लाकूड जोडलं. महिन्याने फळ्या बसवल्या. सावित्रीबाईंनी जागा दाखवायच्या, धाकूने ठोकायचं आणि दादूंनी फळीचं दुसरं टोक धरायचं. फळी धरण्यात त्यांच्याइतका पक्का माणूस आपण पाहिला नाही, असं धाकूने प्रामाणिकपणे सांगितलं.

देवदिवाळीपर्यंत माडी तयार झाली.

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या येसूबाईंच्या माडीला ओल आली. दादा तेहतीस वर्षं बोटीवर होते, त्यांना कळत असेल, म्हणून त्या विचारायला आल्या. दादूंनी खुर्चीतून उठून स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"हिला विचारा," ते म्हणाले. "फळी धरायला मी येईन."