दुसरा रिमोट

मंडळी, मी इथं जुन्या व्हिडिओ गेमचे रिव्ह्यू टाकत असतो. आज दुपारी एक लिहिला अन् पुसून टाकला.

आर्णीले दादाच्या घरी आलो होतो. दादाले जाऊन आता वर्ष होईल. वहिनीनं माळ्यावरून आमचा लहानपणीचा गेम काढून दिला. कॅसेटीत फुंक मारली, टीव्हीले जोडला, तर चालू झाला ना बाप्पा!

दोघांनी खेळायचा रणगाड्यांचा गेम. पण दुसरा रिमोट काही केल्या चालेना. मी मोबाइलवर लिहिलं, "दुसरा खेळाडू जागचा हलत नाही. आजच्या काळात बेकार गेम. पाचपैकी दोन स्टार." वहिनीले वाचून दाखवलं.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, तो रिमोट तवाही बंदच होता. तुम्ही एकटे खेळायले तयार नव्हते, म्हणून हे नुसते हातात धरून बसत. मले सांगितलं होतं त्यायनं."

मी तो बंद रिमोट हातात घेतला. दादाचा रणगाडा नेहमी आमच्या किल्ल्यापाशी उभा असायचा. मी विचारायचो, "काहून हलत नाही रे दादा?" तर म्हणे, "मी घर राखून राह्यलो, तू पुढं जाय." भित्रा म्हणून किती चिडवलं मी त्याले!

पुढं मी पुण्याले गेलो. वावर अन् मायबाप दादानंच सांभाळले.

रिव्ह्यू पुसला, पण रिमोट अजून हातातच आहे. जुन्या गेमले स्टार देणाऱ्यांनो, तवा बाजूला कोण बसत होतं, ते तुम्ही कुठं लिहिता?