अकराच्या ठोक्याचे टेकाड

प्रयोगशाळेत त्यांना सगळे गारठेकाका म्हणत. पदार्थविज्ञानाची पदवी पहिल्या वर्गात मिळवलेल्या माणसाला सव्वीस वर्षे अतिशीत यंत्राची राखण करायला लावायची आणि वर असे बारसे करायचे, ही त्या संस्थेची गुणग्राहकता. काकांनी राखलेल्या थंडीवर सात जण डॉक्टर झाले. काकांच्या वाट्याला दर वेळी शेवटच्या पानावरची आभाराची अर्धी ओळ आली, तीही 'तांत्रिक साहाय्य' अशी, बिननावाची.

या वेळी मात्र विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या, "काका, लेखकांत तुमचं नाव घालतेय. शुक्रवारी शोधनिबंध छापायला पाठवू."

निबंध होता तांदळाच्या दाण्याएवढ्या हिरव्या स्फटिकावर. त्यातले अणू त्रिकोणांत मांडलेले, प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचे. दोघांचे जमते, तिसऱ्याने कुठे तोंड करावे?

"म्हणजे आमच्या घरासारखं," काका एकदा म्हणाले होते. "आई, बायको आणि मी."

"काका, तुम्ही थर्मॉमीटरकडे बघा," मॅडम म्हणाल्या होत्या.

कितीही थंड केले तरी अणूंचा तो तंटा मिटत नसे. मात्र बाहेरून चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवत नेले, की क्षेत्राच्या मापात चार टेस्लाला सगळे अणू एकाएकी नवी मांडणी धरतात, असे मॅडमचे म्हणणे. बर्फ वितळायला ऊब लागते. इथे उबेचा मागमूस नसताना पालट होतो तरी कसा, हे सात प्रबंधांनंतरही काकांना उमगले नव्हते. पुरावा म्हणजे स्फटिकाच्या तापमानाच्या आलेखावरचे एक टेकाड. सहा वेळा मोजले, सहाही वेळा तिथेच.

बुधवारी नोंदवही चाळताना काकांचे बोट वेळेच्या रकान्यावर अडले. मोजणी नेहमी नऊला सुरू होई. चार टेस्लाला पोचायला अकरा वाजत. आणि अकराच्या ठोक्याला, सव्वीस वर्षांच्या शिस्तीने, काका यंत्राच्या बाहेरच्या टाकीत थंडी टिकवणारा द्रवरूप नायट्रोजन नळीने भरत. भरताना यंत्र थरथरे, आणि थरथर म्हणजे ऊब. मग टेकाड अणूंचे, की आपल्या नळीचे?

घरी बायकोला सांगितले.

"कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग तोंडाला कुलूप लावा. सव्वीस वर्षांनी नाव छापून येतंय, आणि आपल्याच पायावर धोंडा?"

सल्ला बिनतोड होता. काकांनी मान डोलावली आणि गुरुवारी सकाळी थेट मॅडमपुढे जाऊन उभे राहिले. का, ते त्यांनाही सांगता आले नसते.

"मॅडम, नायट्रोजन मी अकरालाच भरतो."

"बरं, मग?"

"टेकाडही अकरालाच येतं."

मॅडमचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "सहाही वेळा?"

"मी कधी उशीर केलाय?"

त्या दिवशी मोजणी नऊलाच लावली, पण नायट्रोजन भरायचे बारावर ढकलले. अकराला दोघेही पडद्यापुढे श्वास रोखून बसले. टेकाड आले, पूर्वीच्या निम्मेही नव्हते, पण आले. बाराला काकांनी नळी लावली, आणि सहा टेस्लाला, जिथे काहीच असायला नको होते, तिथे दुसरे उठले, पहिल्यापेक्षा ठसठशीत.

"धाकटं स्फटिकाचं, थोरलं तुमचं," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या की चिडल्या, काकांना कळेना. "शुक्रवार विसरा. सगळं नव्यानं मोजायला वर्ष जाईल."

"मी मार्चमध्ये निवृत्त होतोय."

"ठाऊक आहे."

"मग नाव?"

"कुठल्या टेकाडाला देऊ, काका?"

शुक्रवारी अकरा वाजले. काकांचा हात सवयीने नळीकडे गेला आणि अर्ध्यावरच थबकला.

"मॅडम, आता किती वाजता भरत जाऊ?"

"तुम्हीच ठरवा," मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

सव्वीस वर्षांत काकांवर कुणी एवढासाही निर्णय सोपवला नव्हता. हा मान होता की शिक्षा? हातमोजे घातलेले काका नळीपाशी उभे राहिले, आणि भिंतीवरचे घड्याळ अकरा वाजून चार मिनिटे दाखवू लागले.