टू-स्ट्रोकची ट्रायल

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं सासुरवाडीला जाऊन शहाणपण शिकवू नये. मी शिकवलं, तेही मोटारसायकलचं, आणि अख्ख्या गावासमोर माझी फजिती झाली.

माझ्याकडे एक जुनी टू-स्ट्रोक आहे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकावं लागतं, आणि धूर असा की वसमतला आमच्या गल्लीत डास टिकत नाहीत. माझा तिच्यावर फार जीव. बायकोचा, म्हणजे सुषमाचा, अजिबात नाही. "ही इका, न्हाईतर मी माहेरी जाते," असं ती कायम म्हणते. मग काय, गेलो दोघं तिच्या माहेरी, सेनगावकडं, त्याच गाडीवर.

तिथं माझा मेव्हणा संदीप. त्याची फोर-स्ट्रोक. जेवताना मी त्याला मोबाइलवर ट्रायल नावाचा मोटारसायकलचा खेळ दाखवला. यात वेगाचं काम नाही. दगडधोंड्यांतून गाडी हळूहळू काढायची, पाय जमिनीला लागला की बाद. मी ठासून सांगितलं, याला टू-स्ट्रोकच पाहिजे. अंगानं हलकी, मूठ जरा पिळली की टुणकन दगडावर! संदीपचं म्हणणं, फोर-स्ट्रोक सावकाश ओढते, मूठ सोडली तरी डुगडुगत चालत राहते. वाद वाढला. सुषमानं संधी साधली.

"हरले तर गाडी इकायची. बोला, व्हय का न्हाई?"

सासूबाई ताटात भाकरी वाढत होत्या. त्यांच्यासमोर माघार कशी घेणार? म्हटलं, व्हय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावामागच्या कोरड्या ओढ्यात दोघांनी ट्रायल करायची ठरली. पंच सासरे. पण संदीपनं चहाच्या हॉटेलात सांगून टाकलं की आमच्या दाजीच्या गाडीची ट्रायल हाय. आता आपल्याकडं ट्रायल म्हणजे काय? गाडी विकायची असली की घेणारा ट्रायल मारतो! ओढ्यावर बघतो तर अर्धं गाव. एकजण टायर दाबून राहिला, दुसरा मागं बसून शॉकअप बघून राहिला. विकायची नाही म्हणून मी घसा कोरडा केला, तर लोक म्हणाले, जावई भाव वाढवून राहिले.

संदीप आधी गेला. ओळखीचा पोरगा, जो तो त्याला जय भीम करतोय, हा हात उचलून उत्तर देतोय, आणि गाडी आपली डुगडुगत वर. पाय काही टेकला नाही.

मग मी. पहिल्या दोन दगडांवरून गाडी अशी उडवली की लोक शिट्ट्या मारायला लागले. गाडी वाचली म्हणून मी मनात नाचायला लागलो. तेवढ्यात चढाच्या मधोमध बळीरामतात्या, सासऱ्यांचे थोरले भाऊ, गाडी जवळून बघायला पुढं आले.

"जय भीम, जावईबापू."

आता तुम्हीच सांगा, चुलतसासरे हात जोडतात आणि जावई हँडल धरून बसतो, बरं दिसतं का? मी मूठ सोडली आणि अदबीनं उजवा हात उचलला. टू-स्ट्रोकनं एक ढेकर दिली आणि चढावरच बंद पडली. टेकला की पाय! एक नाही, दोन्ही.

धूर विरला. तात्यांनी मान हलवली.

"घ्यायची म्हणून आलतो, बापू. पण जी गाडी जय भीम बी घेऊ देत न्हाई, ती काय कामाची?"

लोक पांगले. म्हणजे बघा, पैज हरलो, गाडी विकणं आलं, पण आता पंचक्रोशीत गिऱ्हाईक नाही! सुषमा डोक्याला हात लावून दगडावर बसली. मला हसू आवरेना. पंच सासरे तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"गाडीचं सोड, बाई," ते म्हणाले. "चुकी माझीच हाय. तुझ्या लग्नाच्या टायमाला पोरगं नुसतं पसंत केलं, ट्रायल घ्यायचीच राहिली."