सत्तेचाळीस नंबरचं टिंब

“मग लिही की मशीन बिघडलं म्हणून,” लीलाबाई म्हणाल्या. “मशीन काय उठून साक्ष द्यायला येणार हाय?”

“मशीन बिघडलं नव्हतं, आत्या.”

“बिघडलं का न्हाई ते तुला कोण इचारतंय? लिहायचं तू, सही तुझी. मग अडलंय कुटं?”

स्नेहल घेवड्याच्या शेंगा मोडत होती. सकाळपासून हे तिसऱ्यांदा चाललं होतं, आणि दर वेळी सासूबाई नव्याने सुरुवात करत होत्या. उंबऱ्यापाशी तिचा नवरा गोरख बसला होता. तो लोणावळ्यात एका बंगल्याची राखण करायचा. शनिवार-रविवार पाहुण्यांच्या दिमतीत जायचे, म्हणून सोमवारी तो घरी असे. ज्याच्यावरून सगळं चाललं होतं तो धाकटा दीर स्वराज आतल्या खोलीत पालथा पडून मोबाइल बघत होता, किंवा बघत असल्यासारखं दाखवत होता.

“तुळशीचं लग्न झालं की त्याचं लग्न आहे,” गोरख म्हणाला. “सोमाटण्याच्या लोकांनी पोरगा कंपनीत आहे एवढंच बघितलंय. जमीन बघितली नाही का घर बघितलं नाही.”

“मला ठाऊक आहे. पत्रिकेचा मजकूर मीच लिहून दिलाय.”

“मग तोच हात इकडं चालव.”

शेंगेची शीर निघता निघत नव्हती, ती स्नेहलने नखाने ओढून काढली.

तिचं लग्न होऊन ती कुरवंड्यात आली त्याला नऊ वर्षं झाली होती. माहेर कामशेतच्या पलीकडचं. वडील रेल्वेत गँगमन. बारावीनंतर घरच्यांनी तिला आयटीआयला घातलं ते काही हौसेने नाही, तर शेजारची मुलगी जात होती, तिला सोबत होईल म्हणून. शेजारची मुलगी सहा महिन्यांत लग्न होऊन गेली आणि स्नेहल मात्र इलेक्ट्रॉनिक्सचं सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडली. लग्नात ते सर्टिफिकेट ट्रंकेत शालूच्या खाली आलं आणि सात वर्षं तिथेच राहिलं.

मग गावाच्या वरच्या अंगाला डोंगरातून पाणी नेणाऱ्या बोगद्याचं काम निघालं. कंपनीचे रस्ते गावाच्या जमिनीतून जाणार होते, त्यामुळे गावातली काही माणसं कामावर घ्यायचं ठरलं. स्वराजला आत, खडकाला भोकं पाडणाऱ्या टोळीत घेतलं. यादी करणाऱ्याने विचारलं, घरात आणखी कुणी शिकलेलं आहे का? गोरखने सहज बायकोचं सर्टिफिकेट दाखवलं आणि स्नेहलला बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या पत्र्याच्या खोलीत नेमलं. लीलाबाईंनी आधी नाक मुरडलं. खोलीत पंखा आणि खुर्ची आहे हे कळल्यावर म्हणाल्या, “बसून ऱ्हायचं काम हाय व्हय, मग जाऊ दे.” गावात मात्र त्या सांगत, सून कंपनीत कंप्युटरवर हाय. घरात म्हणत, टिंबं मोजती.

ते खोटं नव्हतं. मोबाइलमधला नकाशा आकाशातल्या उपग्रहांना विचारून माणूस कुठे आहे ते सांगतो. डोंगराच्या पोटात, डोक्यावर दोनशे मीटर खडक असताना, उपग्रहाची हाक पोचत नाही. म्हणून बोगद्याच्या भिंतीवर थोड्या थोड्या अंतरावर रेडिओचे डबे बसवले होते, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये काडेपेटीएवढा टॅग. टॅग दर सेकंदाला आपला नंबर बोलायचा. ते बोलणं कुठल्या डब्याला किती वेळात पोचलं त्यावरून कंप्युटर हिशेब मांडायचा, आणि स्नेहलच्या समोरच्या पडद्यावर बोगद्याच्या लांबट चित्रात हिरवं टिंब उमटायचं. सुरुंग उडवायच्या आधी लाल रेघेच्या पलीकडे एकही टिंब नको. स्नेहलने फोनवर “आत शून्य” म्हटल्याशिवाय बटण दाबलं जात नसे.

हे डबे सांभाळायचे चाँदभाई. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ घेऊन येणारे संपले तसं दुकान मुलाने, आवेजने, गाड्यांच्या गॅरेजसाठी घेतलं आणि चाँदभाई साठीच्या घरात कंपनीत लागले. पहिल्याच आठवड्यात स्नेहल घाबरून त्यांच्याकडे गेली होती, कारण पडद्यावर एक माणूस भिंतीच्या आत, खडकात शिरला होता.

“तो माणूस जागेवर आहे, पोरी,” चाँदभाई म्हणाले. “त्याचा आवाज डंपरच्या पत्र्यावर आपटून लांबून आला. विहिरीत हाक मारली की कुठून परत येते ते कळतं का? तसंच. डंपर हलला की बघ, येईल माघारी.”

डंपर हलला आणि टिंब खडकातून बाहेर आलं.

पुढच्या दीड वर्षात त्यांनी तिला टिंबं वाचायला शिकवलं. रेडिओ चुकला तर टिंब उडी मारतं, भटकतं, नाहीतर मध्येच मावळतं. जिवंत माणूस बसलेला असला तरी त्याचं टिंब किंचित थरथरत असतं. माणूस मान वळवतो, कूस बदलतो, त्याचं अंग रेडिओच्या आडवं येत-जात राहतं. आणि जे टिंब ना उडी मारतं ना थरथरतं, ते वाईट. “असं टिंब दिसलं की चहा खाली ठेवायचा,” चाँदभाई म्हणत. कंपनीतल्या साहेबांना हे वाचता येत नव्हतं. ते फक्त आकडा बघत.

असं टिंब स्नेहलला श्रावणाच्या आधीच्या एका रविवारी दिसलं. सत्तेचाळीस नंबर, स्वराज. पंपाचं सामान ठेवायच्या कोनाड्यात पाऊण तास एकाच ठिकाणी. तिने चहा खाली ठेवला आणि आधी त्याच्या मोबाइलवर फोन लावून बघितला. फोन लागला. मागे पाण्याचा आवाज, पोरापोरींचं ओरडणं, कुणीतरी दोन प्लेट कांदाभजी मागत होतं.

“वहिनी, भुशी धरणावर आहे मी,” स्वराज हसत म्हणाला. “मित्राच्या टपरीवर. रविवारची गर्दी काय असते तुम्हाला माहितीये. टॅग आत आहे ना, हजेरी लागतेय.”

हजेरी टिंबावरच लागायची. टिंब जितका वेळ आत, तितका वेळ माणूस कामावर. त्याने टॅगचं हेल्मेट खिळ्याला टांगलं होतं आणि दुसरं जुनं हेल्मेट घालून, दगड नेणाऱ्या डंपरमध्ये बसून तो बाहेर पडला होता. त्या दिवशी सुरुंग नव्हता. संध्याकाळी घरी त्याने तिच्यासमोर कागदात बांधलेलं मक्याचं कणीस ठेवलं. ती म्हणाली, “परत करू नका, भावजी.” त्याने मान डोलावली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. तेव्हा ती काहीच बोलली नाही. घरातलं माणूस, त्याच्या लग्नाची नुकतीच फुटलेली सुपारी, आणि पाहिलं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

तिसरा रविवार कालचा. तीन वाजता सुरुंग होता. अडीचला सगळी टिंबं रेघेच्या अलीकडे आली. सत्तेचाळीस पलीकडेच, कोनाड्यात, ढिम्म. स्नेहलने फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. भुशीला रविवारी माणसांची एवढी दाटी असते की फोन लागत नाहीत, हे लोणावळ्यातलं लहान पोरही सांगेल. तिने चारदा लावला.

चाँदभाई त्याच खोलीत एका डब्याची वायर जोडत होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि पक्कड खाली ठेवली.

“किती वेळ झाला याला?”

“एक तास पन्नास मिनिटं.”

“पोरी, हा पडलाय.”

खोलीत आणखी तिघे होते, परगावचे. त्यांच्यासमोर सांगायचं काय, की माझा दीर हेल्मेट टांगून भजी तळायला गेलाय? तिच्या मनात हे वाक्य पूर्ण तयार झालं होतं. त्याच्या मागोमाग दुसरं आलं: आज तो गेलाच नसला तर? आज खरंच पडला असला तर? हे दुसरं खरं होतं, पण ते तिला सोयीचंही होतं. तिने सुरुंग थांबवला, सायरन वाजवला, आणि पहिलं वाक्य गिळलं.

चाँदभाई दोघांना घेऊन आत गेले. टॅगकडे नेणारं हातातलं यंत्र त्यांच्याइतकं कुणाला चालवता येत नव्हतं. पावसाचं पाणी झिरपून कोनाड्याचं छत सैल झालं होतं, म्हणून तिथे थांबायची मनाईच होती. खिळ्यावरचं हेल्मेट काढायला त्यांनी हात वर केला आणि बाजूचा दगड सुटून त्यांच्या पायावर आला. दोघा सोबत्यांनी आधी चाँदभाईंना बाहेर आणलं, मग कुणीतरी हेल्मेट आणलं.

त्यांना तळेगावच्या दवाखान्यात नेलं. नडगीचे दोन तुकडे झाले होते. स्नेहल संध्याकाळी गेली तेव्हा ते गुंगीत होते. बाहेर बाकावर त्यांची बायको अमिना बसली होती. ती म्हणाली, “मघाशी शुद्धीवर आले तेव्हा विचारत होते, टिंब जागेवर होतं का? तू आलीस की विचारायला सांगितलंय.”

“जागेवर होतं,” स्नेहल म्हणाली. “एका हाताचाही फरक नव्हता.”

“बरं झालं,” अमिना म्हणाली. “सांगते उठल्यावर.” आणि डब्यातला चहा कपात ओतून तिने स्नेहलपुढे धरला.

साहेबांनी स्नेहलला एक छापील कागद दिला होता, मंगळवारी सकाळी आठपर्यंत भरून द्यायला. त्यात दोन रकाने होते: यंत्राचा दोष, माणसाची चूक. यंत्राचा दोष लिहिला की प्रकरण तिथेच मिटत होतं. सत्तेचाळीस नंबरचं हेल्मेट कोनाड्यात कसं गेलं, तर जेवणाच्या सुट्टीत विसरलं, आणि रिकाम्या हेल्मेटचं टिंब माणूस असल्यासारखं दिसलं, तो रेडिओचा दोष. यंत्राची जबाबदारी चाँदभाईंची. ठपका आपोआप त्यांच्या नावावर.

तोच कागद आता देवाच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या डबीखाली होता.

“चाँदभाई चांगला माणूस,” लीलाबाई म्हणाल्या. “आमचा रेडिओ त्यांनीच दोनदा नीट केलता. पर आता त्यांचं वय झालं. पाय मोडला, ते काय परत आत जाणार हायती? त्यांना ठपका बसला काय आन न बसला काय.”

“आवेजचं गॅरेज चाललंय,” गोरख म्हणाला. “त्यांचं अडत नाही. आपलं अडतं. मी कुणाचं वाईट बोलत नाही, जे आहे ते सांगतो.”

“ते तिथं पडून विचारतायत टिंब जागेवर होतं का,” स्नेहल म्हणाली. “मी हो सांगून आलेय. आता कागदावर लिहू, नव्हतं म्हणून?”

“कागद आन बोलणं येगळं असतंय.”

“आणि पुढच्या वेळी टिंब थांबलं, तर साहेब म्हणतील रेडिओच बिघडलेला असतो. मग आत जाणार कोण? कुणीच जाणार नाही.”

“पुढचं पुढं.”

आतल्या खोलीतून स्वराज बाहेर आला. दोन दिवसांची दाढी, डोळे लाल. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

“मी चोरी केली का?” तो म्हणाला. “सगळे करतात. कुणी दोन तास झोपतं, कुणी घरी जाऊन जेवून येतं. चाँदभाईंना आत मी पाठवलं नाही. सायरन तुम्ही वाजवला, वहिनी. तुम्हाला ठाऊक होतं मी कुठं असतो ते. एक शब्द बोलला असता तर ते आत गेलेच नसते.”

स्नेहलचे हात थांबले. लीलाबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“व्हय गं?”

“दोन रविवार,” स्नेहल म्हणाली.

“मंजी तुला म्हाईत होतं.”

“होतं.”

“आन हितं सकाळधरनं आमाला शानपण शिकवतीयास.”

गोरख उंबऱ्यावरून उठून आत आला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता, बरेच तास हरवलेली किल्ली सापडावी तसा. “मग झालंच की,” तो म्हणाला. “आता तर लिहायचा प्रश्नच नाही. त्याचं नाव घेतलंस तर तो सांगणार वहिनीला माहीत होतं. एक नोकरी जायची तिथं दोन जातील. त्यापेक्षा मशीनचं लिही, स्वराज कान धरेल, आपण दवाखान्यात भेटून येऊ, फळं नेऊ. संपलं.”

“मी सांगणार नाही,” स्वराज पुटपुटला. “वहिनीचं नाव मी घेणार नाही. त्यांनी माझं घेऊ नये, एवढंच.”

हे त्याने धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. तो खरंच तसं वागला असता, आणि तेच स्नेहलला जास्त अवघड गेलं. एक शब्द बोलली असती तर चाँदभाई आत गेलेच नसते, हे स्वराजचं म्हणणं बरोबर होतं. काल रात्रीपासून तिने मनातल्या मनात कागद अनेकदा भरला होता आणि दर वेळी त्यात एकच नाव होतं. सकाळी आंघोळीनंतर तिने प्रत्यक्ष लिहिलं तेव्हाही एकच होतं. तेवढ्याने भागेल असं तिला वाटलं होतं.

तिने मोडलेल्या शेंगा पातेल्यात घातल्या, शिरा गोळा करून शेळीच्या टोपलीत टाकल्या आणि हात धुतले. फळीवरून कागद काढला, चुलीजवळच्या खिडकीपाशी उजेडाला धरून वाचला आणि पेन घेऊन खाली बसली.

“काय लिहितीस?” गोरखने विचारलं.

“सत्तेचाळीस नंबरचा टॅग भावजींनी टांगला होता, हे सकाळीच लिहिलंय,” स्नेहल म्हणाली. “मला दोन रविवारपासून ठाऊक होतं, हे आता खाली लिहितेय. रेडिओत दोष नव्हता. उद्या आठ वाजता कागद देणार. सोमाटण्याला कुणी जाऊन सांगायचं ते तुम्ही ठरवा.”