लाल बर्फ आणि माझं कार्ड

२००६च्या मे महिन्यात आमची इंजिनिअर तुकडी कोलोरॅडोच्या डोंगरात ट्रेनिंगवर होती. मी सार्जंट, मूळचा नागपूरचा, हाताखाली आठ जण. नागपूरच्या उन्हात वाढलेला माणूस अमेरिकन फौजेत बर्फावर हुकूम सोडतो, याची घरचे अजून टिंगल करतात.

०६०० ला ओढा ओलांडून पलीकडे जायचं, दोरांचा सराव करायचा आणि दुपारी परतायचं. सकाळी पाणी घोट्याएवढं असे. ऊन चढलं की बर्फ वितळून ते वाढे. त्यासाठी एक कार्ड होतं: कोणत्या आठवड्यात किती वाजेपर्यंत ओढा ओलांडता येतो. आदल्या वर्षी रोज काठावर उभं राहून ते मीच भरलं होतं. त्या आठवड्यापुढे १३०० लिहिलं होतं, म्हणजे दुपारी एक. कार्डाचा मला भारी अभिमान होता.

त्या वर्षी युटाच्या वाळवंटातून धुळीची वादळं लागोपाठ आली आणि वरचा बर्फ विटकरी झाला. आमच्या कॅम्पजवळ अनघा नावाची पुण्याची रिसर्च स्टुडंट तो बर्फ मोजत होती. मी मराठी म्हटल्यावर ती मला दादा म्हणू लागली.

"दादा, डस्टमुळे स्नो जास्त ऊन अ‍ॅब्सॉर्ब करतोय. मेल्ट खूप अर्ली आहे. तुमचं लास्ट इयरचं कार्ड यंदा नाही चालणार."

"अगं, धूळ बघायला एवढ्या लांब कशाला आलीस? नागपूरला फुकट दाखवली असती."

ती हसली, पण तिने तेच पुन्हा सांगितलं. मी मान डोलावली. कार्ड बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी १२०५ ला आम्ही परतीसाठी काठावर आलो. पाणी मांडीपर्यंत, तांबूस. दोन्ही काठांना बांधलेला दोर सोडून शेवटी यायची पाळी माझा रेडिओ ऑपरेटर कोल याची होती.

"सार्जंट, पाणी जास्त आहे. इथेच थांबायचं का? पहाटे उतरेल."

"कार्डाप्रमाणे अजून पंचावन्न मिनिटं आहेत. चला."

"रॉजर." म्हणजे समजलं, हुकूम मान्य.

आम्ही आठ जण पार झालो. कोलने पलीकडचा दोर सोडून कमरेला बांधला आणि पाण्यात उतरला. मधोमध त्याचा पाय सुटला. आम्ही ओढलं, पण दोर खडकात अडकला आणि तो पाण्याखालीच राहिला. त्याला बाहेर काढायला चार मिनिटं गेली. तुकडीतल्या दुसऱ्या रेडिओ सेटवरून मी कळवलं, "वन कॅज्युअल्टी. मेडेव्हॅक पाठवा. ओव्हर." हेलिकॉप्टर येईपर्यंत आम्ही पाळीपाळीने त्याची छाती दाबत राहिलो. उपयोग झाला नाही.

चौकशीत ठरलं की मी कार्ड पाळलं, त्यामुळे चूक माझी नाही. अनघाबद्दल कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. याची मला आजही लाज वाटते.

दफनानंतर कोलची आई माझ्याजवळ आली. तिने एकच विचारलं, "पाणी लवकर वाढणार हे कुणाला माहीत होतं का?"

"हो मॅडम. मला सांगितलं होतं. आणि तुमचा मुलगाही थांबा म्हणाला होता."

ती म्हणाली, "लहानपणापासून तो पाण्याला भ्यायचा. तुम्हाला कधी बोलला नसेल."

नाही. शेवटी तो मला फक्त "रॉजर" म्हणाला होता.