टीव्हीच्या आधी माणसं बसवणारे फुवा

देवाने शेळीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांना पाय दिले, फक्त यंत्रांना द्यायचे राहून गेले, आणि तेवढं उरलेलं काम त्याने आमच्या फुवांवर सोपवलं, याबद्दल फुवांच्या मनात तिळाएवढीही शंका नव्हती. फुवा म्हणजे आत्याचे मालक. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, म्हणून तिच्याबरोबर हे फुवा. मूळचे शिंदखेड्याकडचे, सुतारकीचं दुकान जळगावात, आणि बोलणं शेवटपर्यंत गावचंच, अहिराणी, ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘आहेत’ला ‘शेत’. दुसरे मिस्तरी दारं करायचे, पलंग करायचे, देव्हारे करायचे. फुवांनी ते सगळं तरुणपणीच सोडलं. गल्लीत पहिला टीव्ही आला तेव्हा तो डॉक्टरांच्या जेवणाच्या टेबलावर, वरणाच्या पातेल्याशेजारी ठेवलेला त्यांनी पाहिला आणि म्हणे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून टीव्हीची कपाटं, व्हीसीआरचे कप्पे, कॅसेटची मांडणी, स्पीकरच्या पेट्या! ज्या वस्तूला वायर नाही, त्या वस्तूसाठी फुवांनी रंधा उचलला नाही.

बरं, माप घ्यायचं तर माणूस टीव्हीचं माप घेईल की नाही? फुवा टीव्हीकडे बघायचेसुद्धा नाहीत. खिशातून गाठी मारलेली सुतळी काढायची आणि घरातल्या लोकांना फर्मान सोडायचं, “आधी मानसं बठाडा, मंग टीव्ही बठाडू.” मग आजोबा आरामखुर्चीत, आजी खाटेवर आडवी, बाई भाजी निवडत, पोरं पालथी पडून, जो जसा टीव्ही बघणार तसा बसवायचा आणि प्रत्येकाचा डोळा जमिनीपासून किती उंच आहे ते सुतळीने मोजायचं. “यंत्रले काय, कोठेबी ठेवा. मानूसनी मान कितली फिरस ते देखनं पडस.” असोद्याला एका केळीवाल्या भाऊंकडे टीव्ही यायचा होता. फुवांनी विचारलं, बघायला कोण कोण बसणार? भाऊ मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “आख्खं गाव!” फुवा म्हणाले, “मंग गाव बलावा.” आणि भर दुपारी साठ-सत्तर माणसं भाऊंच्या अंगणात येऊन एका मोकळ्या भिंतीकडे तोंड करून तासभर बसली. फुवा सुतळी घेऊन त्यांच्यातून फिरत होते. उठताना एक म्हातारी म्हणाली, “दिसलं तं काहीच नाही बाप्पा, पण जागा मोक्याची भेटली.”

कपाटाला दोन सरकती दारं आणि कुलूप, ही दुसरी अट. गिऱ्हाईक म्हणालं की मिस्तरी, कुलूप कशाला, तर फुवा त्याच्या पोरांकडे बोट दाखवायचे. मार्च महिन्यात आमच्या कॉलनीतली झाडून सगळी कपाटं बंद आणि चाव्या आज्यांच्या पदराला. दहावीला त्या वर्षांत जी मुलं पास झाली त्यांनी शिक्षकांचे आभार मानले, हे मला कधीच पटलं नाही. पेढे फुवांच्या दुकानात जायला हवे होते. एकदा एका वकिलांची चावी हरवली. रविवार, संध्याकाळचा सिनेमा, घरात पाहुणे. वकिलांनी स्कूटर पाठवून फुवांना उचलून आणलं. फुवांनी कुलपाकडे बघितलं, वकिलांच्या आईकडे बघितलं, आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, “आई, कनवटीनी चावी काढा.” म्हातारीला सुनेच्या माहेरची माणसं टीव्ही बघताना जोरात हसतात ते आवडत नव्हतं! कुठलं कपाट का उघडत नाही, हे फुवांना लाकडावरून कमी आणि घरावरून जास्त कळायचं. स्पीकरचंही तसंच. एका हौशी प्राध्यापकांनी दोन्ही स्पीकर एकाच फळीवर चिकटून मागितले. फुवांनी साफ नकार दिला. “दोन भाऊ शेत त्या. जवळ बठाडा तं भांडतीन. लांब ठेवा, मंग गोड बोलतीन.” प्राध्यापकांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं तेव्हा घराच्या वाटणीवरून चाललेलं होतं. त्यांनी मुकाट्याने दोन वेगळ्या पेट्या घेतल्या.

ही खोड ते कुठेही सोडायचे नाहीत. माझ्या बहिणीसाठी धुळ्याला स्थळ बघायला गेलो होतो. मुलगा चांगला, नोकरी पक्की, पोहे झाले, चहा झाला, मोठी माणसं मुद्द्यावर यायला लागली आणि फुवा कुठे? तर त्यांच्या टीव्हीखाली. अक्षरशः गुडघ्यांवर. एका पायाखालची वर्तमानपत्राची घडी काढून हातात घेऊन बसलेले. माझ्या वडिलांनी हळूच विचारलं, “काय वाटतं फुवा?” फुवा म्हणाले, “पोऱ्या सोनं शे. पन टेबल हालस.” मुलाकडची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. फुवांनी खिशातून पटाशी काढली, तिथल्या तिथे लाकडाची चकती छिलून पायाखाली सरकवली, टीव्हीवर पंजा ठेवून दाबून बघितलं आणि म्हणाले, “आते द्या पोरगी.” लग्न झालं. दाजी अजून सांगतात की मला पसंत केलं ते मिस्तरींनी, बाकीच्यांनी फक्त जेवणं केली.

आणि फुईच्या स्वतःच्या घरात? तिथे टीव्ही साबणाच्या खोक्यावर. पंधरा वर्षं. फुई येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनवायची, “बठ्ठा गावना टीव्ही राजावानी बठेल शेत, अन् मना खोकावर!” फुवा म्हणायचे, “तू एक जागी बठत नही, तुनं माप कसं लेऊ?”

मग बाजारात लोखंडी ट्रॉल्या आल्या. चाकांच्या, रंगाच्या, दुकानातून उचलायच्या आणि घरी ढकलायच्या. माप नाही, सुतळी नाही, गाव बोलवायला नको. दोन-तीन वर्षांत फुवांकडे येणारी माणसं कमी झाली. लोक सांगायला यायचे तेही पलंग करा म्हणून. फुवा दुकानाच्या पायरीवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॉल्यांची चाकं मोजायचे. अशात आमच्या टायपिंग क्लासच्या सरांनी जाहीर केलं की ते कॉम्प्युटरचा क्लास काढताहेत. दोन कॉम्प्युटर येणार, आणि टेबलं मिस्तरी करणार. फुवांनी त्या दिवशी दाढी केली. मला म्हणाले, “हाई एक मशीन मना टेबलवर बठू दे भो. मंग रंधा ठेवी देसू, काही म्हननं नही.” हे ते हसून म्हणाले नाहीत.

अडचण एवढीच की फुवांनी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. सरांनीही फोटोतच पाहिला होता. फुवांचे साडू दीपनगरला वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचे. फुवा एसटीने तिथे गेले. साडूंनी ओळख काढून त्यांना ऑफिसातली कॉम्प्युटरची खोली दाखवली, तीही काचेतून. बाहेर चपला काढलेल्या, आत एसीचा गारवा, आणि मधोमध कॉम्प्युटर, वर झालरीचं कापड पांघरलेलं. साहेब जेवायला गेले होते, कापड काढायची कुणाची छाती नव्हती. फुवांनी पाच मिनिटं डोळे भरून ते कापड बघितलं आणि परत आले. येताना बसमध्ये सगळं ठरलं होतं. हे यंत्र नाजूक आहे, अनवाणी माणसांत राहतं आणि त्याला गारवा लागतो. आता जळगावचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. इथे डांबर चपलेला चिकटून घरी येतं. फुवांनी सागाची दोन देखणी टेबलं केली, आणि प्रत्येक टेबलाच्या पाठीला कूलर बसवला! कूलरचं गवत, बारका पंखा, खाली पत्र्याच्या ट्रेमध्ये पाणी, सगळा ओला वारा थेट कॉम्प्युटरच्या मानेवर.

उद्घाटनाला नारळ फुटला. नाशिकहून कॉम्प्युटर घेऊन आलेल्या इंजिनिअरने खोकं उघडलं, कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, आणि फुवांनी मोठ्या अभिमानाने मागचं बटण दाबलं. पहिला शिडकावा इंजिनिअरच्या चष्म्यावर बसला. “पाणी! अहो, कॉम्प्युटरच्या मागे पाणी कुणी ठेवलं?” असं ओरडत त्याने कॉम्प्युटर पोटाशी धरून उचलला, जसं पेटत्या घरातून पोर उचलावं. फुवा शांतपणे म्हणाले, “साहेब, मे महिनामा तुमी बिगर कूलरना झोपतस का?”

आम्ही पोरं हसून हसून वाकलो. सर मात्र लालबुंद झाले. ही टेबलं घेऊन जा, मी पुण्याहून तयार मागवतो, म्हणाले. आणि मी? मला नको तिथे नक्कल सुचते. जिन्यात मित्रांसमोर मी फुवांचा आवाज काढून ते कूलरचं वाक्य म्हटलं. पोरं खिदळली आणि एकदम माझ्या मागे बघायला लागली. फुवा माझ्यामागे उभे होते, हातात ट्रे. मला वाटलं, आता कानाखाली. ते म्हणाले, “आवाज बराबर शे. पन मी एवढा घाई घाई बोलत नही.” आणि खाली उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुवा सरांकडे गेले आणि एक दिवस मागून घेतला. सर हो म्हणाले, कारण पुण्याहून काही आठ दिवस येणार नव्हतं. फुवांनी दोन्ही कूलर उपटून काढले. मग आम्हा पोरापोरींना टायपिंगच्या खुर्च्यांवर बसवलं, हवेत बोटं चालवायला लावली, आणि कोपर, मनगट, डोळा, सगळ्यांची सुतळी घेतली. मला सर्वांत शेवटी बोलावलं. “मान ताठ ठेव. नक्कल करतस तव्हय ताठ राहस ना, तशी.” संध्याकाळपर्यंत टेबलं चार बोटं कापली, कीबोर्डसाठी पुढे सरकती फळी दिली, वायरी जायला मागे भोक पाडलं. काढलेले कूलर त्यांनी लांबच्या खिडकीत बसवले, वारा आमच्या अंगावर. इंजिनिअर आला. टेबलाच्या मागे वाकून बघितलं, बोटाने चाचपलं, कोरडं होतं. मग खुर्ची ओढली, फळी पुढे घेतली आणि काम करायला लागला. तासभर मान वर केली नाही. फुवा दाराबाहेर उभे. आत या म्हटलं तर म्हणाले, “पायले भुसा शे.” तासाने इंजिनिअर उठला आणि सरांना एवढंच म्हणाला, “राहू द्या हीच.”

क्लास जोरात चालला. निम्मी मुलं कॉम्प्युटरसाठी यायची, निम्मी खिडकीतल्या वाऱ्यासाठी. फुवांना मात्र पुढे कुणी टेबल सांगितलं नाही. लोक तयारच आणायला लागले. दुकानाची फळी आठवड्यातून दोन-तीन दिवसच उघडायची. पण दर शनिवारी दुपारी फुवा क्लासवर हजर. चपला बाहेर काढायचे, नळावर पाय धुवायचे, आणि दारातूनच सांगायचे, “सर, इस्क्रू देखाले उनू.” सर म्हणायचे, या मिस्तरी, बघा स्क्रू. मग फुवा टेबलाखाली शिरायचे. वर कुणाची तरी बोटं टकटक चालायची, पडद्यावर हिरवी अक्षरं पळायची. फुवा अर्धा तास खाली बसून राहायचे आणि गुडघे झटकत निघून जायचे. चार वर्षं हे चाललं. एकही शनिवार चुकला नाही.

त्यातल्या शेवटच्या वर्षी क्लासमध्ये माझं पेन घरंगळत टेबलाखाली गेलं. मी वाकलो, मग पालथा पडलो आणि मान वर करून बघत राहिलो. आडवी फळी उभ्या पायाच्या खाचेत, खाचेत लाकडाची खुंटी, सगळीकडे तसंच. आख्ख्या टेबलाला एकही स्क्रू नव्हता. शनिवारी फुवा आले, दारात उभे राहिले, नेहमीचं म्हणाले. सरांच्या आधी मीच म्हणालो, “या ना फुवा. दोन-चार ढिले झाले आहेत.”