रंगाचं मशीन कोणी घ्यावं?

रंगाच्या दुकानात काम केलं की नखांत रंग उरतो आणि डोक्यात गिऱ्हाइकं. नखं थिनरनं साफ होतात. गिऱ्हाइकांवर अजून काही निघालेलं नाही!

नववीत शाळा सुटली, तेव्हापासून मी अमरावतीच्या एका पेंटच्या दुकानात आहे. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून इतकी वर्षं गोडाऊनमध्येच होतो. या दसऱ्याला शेठनं विचारलं, "लोक मोबाइलवर पाहून रंग फवारायचं मशीन मागून राहिले. आनू का?" मी मान हलवली. तीन मशीनं आली, वर डेमोसाठी एक छोटं.

"मान तू हलवली, आता विकशीन बी तूच," शेठ म्हणाले. "दिवाळीपर्यंत एक तरी गेलं पायजे. नाही तं परत गोडाऊन!"

गोडाऊनमधले डबे काही विचारत नाहीत. तरी मला परत जायचं नव्हतं. घट्ट रंगाचं असं धुकं होतं तरी कसं, हे मला पाहायचं होतं.

*

पहिले आले ते तिवस्याचे एक गुरुजी. मी पाठ केलेलं घडाघडा सांगितलं. "हे हातातलं छोटं, गेट आणि फर्निचरसाठी. हे नळीवालं, खोली-दोन खोल्यांसाठी. हे मोठं बादलीतून रंग ओढतं, अख्ख्या घरासाठी. तुम्हाला काय रंगवायचंय?"

"एक खुर्ची."

मी खरं ते सांगितलं, "सर, खुर्ची दहा मिनिटांत होईल. मशीन धुवायला अर्धा तास."

गुरुजी खूश होऊन दोन इंची ब्रश घेऊन गेले. शेठ माझ्याकडे बघतच राहिले!

*

माझी ताई अकोल्याला असते. हात बसावा म्हणून डेमोचं छोटं मशीन घेऊन तिच्या घरी गेलो. गेट रंगवायचं होतं.

पहिल्यांदा रंग घट्ट राहिला. मशीन नुसतं पचपच थुंकलं. मग थिनर जास्त झालं, रंग गेटवरून ओघळला. तिसऱ्यांदा रंग गाळून, बेतानं पातळ केला, आणि काय धुकं निघालं! मी बघतच राहिलो. वारा कुठे चाललाय, ते मात्र बघितलं नाही.

शेजारच्या काकूंची पांढरी चादर दोरीवर होती. तिच्यावर निळे ठिपके! मी रडवेला होऊन माफी मागायला गेलो. काकूंनी चादर उलटसुलट करून पाहिली.

"काहून रे, एकीवरच मारला? जोडी हाय तिची!"

*

आमच्या दुकानाच्या पायरीवर कामाची वाट बघत पेंटर बसतात, त्यांतले सगळ्यांत जुने रज्जाकचाचा. मशीनं आली त्या दिवसापासून त्यांचं एकच. "भिंतीचा पोपडा कोन खरवडीन? पुट्टी कोन भरीन? तुह्या मशीनले डोळे हायेत का?"

चाचांचं खरंच होतं. म्हणून तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तेच सांगू लागलो, आधी भिंत खरवडा, पुट्टी भरा, मग मशीन. चार जण ऐकून घाबरले आणि चाचांचाच नंबर घेऊन गेले!

*

दिवाळीला चार दिवस राहिले. तिन्ही मशीनं जागेवरच. तेवढ्यात झेंडूची शेती करणारे एक काका पाठीवरचा फवारणीचा पंप घेऊन आले. त्यात त्यांनी चक्क डिस्टेंपर भरला होता! पंप पार तुंबलेला.

"चुना मारला तवा त चालला होता," काका म्हणाले.

पायरीवरचे सगळे हसले. चाचा म्हणाले, "काका, भिंत म्हनजे वावर नोहे!"

काकांनी पंप खाली ठेवला. त्यांनी माझ्या हातातलं डेमो मशीन बघायला मागितलं. चिमूटभर माती उडवून वारा पाहिला. डेमोसाठी दारात उभा केलेला मोठा पुठ्ठा फिरवून वारा पाठीशी घेतला. दुपट्टा नाकावर बांधला. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकाच अंतरावरून, हात न थांबवता चालत गेले. कडेला आले की बटण सोडायचे, पुढची ओळ धरायची.

पुठ्ठा असा निघाला की कुठे डाग नाही, ओघळ नाही.

चाचा उठले. पुठ्ठा उन्हात तिरपा धरून बराच वेळ बघत राहिले.

"कोनापाशी शिकला?"

"झेंडूपाशी," काका म्हणाले. "औषध फवारतानी हात थांबला का पान जळते."

त्यांनी मशीन मला परत दिलं आणि आपला तुंबलेला पंप उचलला.

चाचांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले नळीवालं बांध." मग काकांकडे वळले. "उद्या मोकळे हा का तुमी? भिंत मी खरवडीन, मशीन तुमी चालवा."

"सकाळचा झेंडू तोडला का आलोच!"